चार खांबांचा ग्रीक पलंग

आरशाला पाऊस लागत नाही. ही एवढी साधी गोष्ट उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मला कुणालाही पटवून देता आली नाही. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागावर तो मोठा त्रिकोण असतो, कारण छपराला उतार लागतो आणि पाणी दोन्ही अंगांनी खाली जावं लागतं. आमच्या दुकानात तोच त्रिकोण ड्रेसिंग टेबलाच्या आरशावर बसवायचे, त्यावर सोनेरी रंग मारायचे आणि त्याला ‘ग्रीक टॉप’ म्हणायचे. मी एकदा शेठना विचारलं, “या आरशाला कसली भीती आहे? घरात पाऊस पडतो का?”

शेठ म्हणाले, “मॅडम, अंबरनाथ-बदलापूर में टपकता है ना.” आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अंबरनाथची. बाबा मोरिवलीच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात होते. घरी येऊन आंघोळ केली की मोरीतल्या पाण्याला त्या दिवशीच्या मालाचा रंग यायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आधी पदवी, मग मुंबईला जाऊन इंटीरियरचा कोर्स. हे मी मिरवायला सांगत नाही असं लिहिणार होते, पण मिरवायलाच सांगते आहे. ज्यांच्या घरात आजोबांपासून सगळे पदवीधर असतात त्यांनी नम्र राहावं. त्यांना ते परवडतं.

शेठनी मला ठेवलं ते शेजारच्या दुकानात डिझायनर नव्हता म्हणून. दारावर तशी पाटी लावली आणि आत मला एक टेबल दिलं, तेही विकाऊ होतं. ते माझ्यासमोरून विकलं जायचं आणि दुसरं येईपर्यंत मी कागद मांडीवर घेऊन बसायचे. गिऱ्हाइकं माझ्याकडे पाणी मागायची. मी सांगायचे, “पाणी तिकडे. इथे ड्रॉइंग मिळतं.”

हे ग्रीक प्रकरण एका रंगीत पुस्तिकेवरून सुरू झालं. आखातात नोकरी करणाऱ्या कुणीतरी तिथल्या हॉटेलची पुस्तिका आणली होती. पुस्तिकेत एक दालन, दालनात खांबांची रांग, आणि खांबांना टेकून उभी एक बाई. शेठनी ती माझ्यापुढे टाकली. “ये कौन सी स्टाइल है?”

“ग्रीकांची नक्कल आहे. तीही वाईट.”

“वाईट छोडो. ग्रीक बोला ना? बस. ऐसा पलंग बनाओ.”

“हे पलंग नाहीत शेठ, खांब आहेत.”

“तो पलंग को लगाओ!”

मी काढून दिलं. नोकरी होती. पण नीट काढून दिलं. खांब म्हणजे काय हे ग्रीकांनी डोळे उघडे ठेवून बघितलं होतं. त्यांचा खांब खाली जाड, वर निमुळता आणि मधे अगदी किंचित फुगलेला असतो. पाण्याची घागर उचलताना बाईचा दंड फुगतो तसा. वरचं ओझं त्याला जाणवतंय असं बघणाऱ्याला वाटतं. अंगावरच्या उभ्या खाचांत ऊन-सावली बसते, त्यामुळे एवढं जाड प्रकरण हलकं आणि ताठ दिसतं. हे शिकायला ग्रीसला जावं लागतं असंही नाही. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराचे दगडी खांब आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. देवाशी आमचं देणंघेणं नव्हतं, आमचं घर बौद्ध. पण खांबांशी माझं होतं, आणि कोर्सला असताना मी तिथे तासन्‌तास बसून चित्रं काढली होती. शेठचा जन्म उल्हासनगरात गेला. ते मंदिर त्यांनी रिक्षातून बघितलं होतं.

शेठच्या कारखान्यात माझ्या चित्राचं जे झालं ते असं. निमुळता खांब करायला लेथवर वेळ जातो, म्हणून तो सरळसोट झाला. भरीव लाकूड महाग, म्हणून आत मोरीला वापरतात तो करड्या प्लॅस्टिकचा पाइप आला. पाइपावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस. खाचा कोरायच्या कुणी, म्हणून बाहेरून अर्धगोल पट्ट्या चिकटवल्या; म्हणजे जिथे आत जायचं तिथे बाहेर आले. माथ्यावरच्या पानांच्या गुच्छाचा साचा असा काही बनला की कारागीर त्याला सरळ ‘फ्लॉवर’ म्हणायचे. बाजारात मिळतो तो, भाजीचा. पलंगाच्या चार कोपऱ्यांना असे चार खांब, प्रत्येकावर एक सोनेरी फ्लॉवर, आणि त्या खांबांवर काहीच नाही. छत नाही, तुळई नाही, साधी मच्छरदाणीसुद्धा नाही. नुसते उभे, निवडणुकीनंतर राहिलेल्या बांबूंसारखे.

तो पलंग तुफान चालला.

कल्याणपासून बदलापूरपर्यंत ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या ते आले, बँकेतले आले, कारखान्यातले आले. जुन्या शेतकरी घरातला एक दणकट माणूस खांबाला मिठी मारून म्हणाला होता, “आमच्या बापजन्मात कुनी आसा पलंग बगला न्हाय.” मी मनात म्हटलं, ग्रीकांच्याही नाही. कारण खरी गंमत हीच होती की ग्रीक माणसं खांब देवळाला लावत, झोपायला नाही. त्यांच्या मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत त्यांच्या घरातल्या खुर्च्या दिसतात; बारीक, हलक्या, पाय बाहेर वळलेले, पाठ खांद्याला वळसा घालणारी. त्यांत कुठे खांबाचा मागमूस नाही. देवळातून त्यांनी घरात काय आणलं असेल तर नजर आणली. आमच्या बाजाराने नजर सोडून बाकी सगळं आणलं.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

स्थळ बदलापूरचं, पश्चिमेला हेंद्रेपाड्यात नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट. मुलगा सरकारी कचेरीत, सासरे नुकतेच निवृत्त झालेले. माणसं आमच्यातलीच, बोलायला बरी. हुंडा नाही, मागणं नाही. पण मांडवात मुलीचं सामान मांडायची पद्धत आमच्याकडेही होतीच. कपाट, पलंग, भांडी एका बाजूला ओळीने लावायची, आणि जेवण झालं की पाहुणे त्या बाजूने फिरून यायचे. पुरुष कपाटावर बोटाने टकटक करून बघायचे. बायका टकटक न करताच बोलायच्या.

बहिणीला चार खांबांचा पलंग हवा होता.

“आमच्याच दुकानातला?” मी विचारलं.

“मग काय! तूच काढलायस ना?”

“मी काढला तो वेगळा होता. आणि त्याच्या आत काय आहे माहितीये? मोरीचा पाइप.”

“आत आहे ना? बाहेरून दिसतो का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

मी तिला सगळं समजावलं. भरीव सागाचा साधा पलंग मी स्वतः काढून करवून घेते, म्हटलं. नातवंडं झोपतील त्याच्यावर. ती बारावीनंतर शिवणाच्या क्लासला गेली होती आणि कापड हातात घेतल्याबरोबर त्याची जात सांगायची. मूर्ख मुळीच नव्हती. तिने हातातला ब्लाउज खाली ठेवला.

“ताई, तू शिकलीस. पेढे वाटले, बाबांनी पेपरवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं. अजून सांगतात. माझं काय सांगतात? काही नाही. माझ्यासाठी लोक एकदाच येणार आहेत, मांडवात. त्या दिवशी त्यांनी म्हणू दे, अमक्याच्या धाकटीचा पलंग बघा. तुझा साधा पलंग बघून म्हणतील, हिला तर पलंगही साधाच.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते डिझाइनचं होतं. ती डिझाइनचं बोलत नव्हती. पलंग दुकानातून आला.

एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली : तिकडची खोली मोजून या. आमचं दुकान म्हणजे पत्र्याची उंच शेड. तिथे तो पलंग बारका दिसायचा. बाबा माझ्यावर भडकले. “व्याह्यांच्या घरात टेप घेऊन जाऊ? काय म्हणतील ते? आमच्या घरात जागा किती ते मोजायला आले? मुलीकडच्यांनी असलं विचारायचं नसतं.” आईनेही तेच म्हटलं. मामाने तर हातच जोडले, “शिकलेली पोरगी आहेस, घालवशील लग्न.” म्हणजे पलंग खोलीपेक्षा मोठा निघाला तर चालेल, पण खोली लहान आहे अशी शंका येता कामा नये. अशा मानापानाला शहाणपण म्हणणाऱ्या माणसांपुढे कुठलीही पदवी काय करणार?

माझ्याकडून मी तिला एक खुर्ची करून दिली. तिने मागितली नव्हती. ती ग्रीक भांड्यांवरची खुर्ची माझ्या डोक्यात बसली होती. तिचे पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले असतात. सरळ फळीतून ते कापले तर लाकडाचे तंतू तुटतात आणि पाय मोडतो. म्हणून मी उल्हासनगरच्या लाकडाच्या वखारींत जाऊन सागाचे मुळातच वाकडे वाढलेले तुकडे शोधले. वखारवाले ते जळणात टाकायचे. “मॅडम, चूल पेटवायचीय का?” असं एकाने विचारलंच. सुतारही कुरकुरला, की वाकड्या लाकडाची वस्तू म्हणजे मुळातच वाकडी. मी त्याच्या शेजारी उभी राहून करवून घेतली. देवळाच्या खांबापासून मी एवढंच घेतलं : पायाला जिथे ओझं येतं तिथे किंचित भरीव ठेवायचा, टोकाकडे बारीक करत न्यायचा. आणि ग्रीक देवळाचा चौथरा मधे केसभर उचललेला असतो, म्हणून लांबून सपाट दिसतो. तशीच केसभर उचल मी पाठीच्या पट्टीला दिली. सोनेरी काही नाही. नुसतं पॉलिश.

मांडवात पलंग राजासारखा उभा होता. फ्लॉवरच्या डोक्यांना आमच्या आत्याने झेंडूच्या माळा घातल्या होत्या. लोक खरंच बघायला आले. बहिणीच्या कानावर ते शब्द पडत होते आणि पांढऱ्या साडीत ती अशी काही दिसत होती की मला क्षणभर वाटलं, असू दे पाइप. मग नवऱ्यामुलाकडचे एक काका आले, त्यांनी खांबावर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. अगदी डबा वाजवल्यासारखा. काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, “आवाज ऐकला? भरीव सागवान!” आणि चौघांनी माना डोलावल्या. मी त्या माणसाला अजून विसरलेले नाही.

माझ्या खुर्चीपाशी बायका थांबल्या. एकीने विचारलं, “ही का अशी पाय फाकवून उभी?”

दुसरी म्हणाली, “नववा महिना दिसतोय.”

“थोरलीने काढलीय म्हणे.”

“मग बरोबर. पुस्तकात बघून काढली असेल.”

हसत हसत पुढे गेल्या. मी ऐकलं, आणि मला काही वाटलं नाही. वाटलं नाही हे खोटं आहे. पण त्या बायकांच्या मताने मला फरक पडावा एवढं मोठं मी त्यांना कधी मानलं नाही.

आमची आजी नव्हती, म्हणून बहिणीबरोबर पाठराखीण मीच गेले. सामानाचा टेम्पो आमच्या मागोमाग पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहापाणी झाल्यावर पलंग जोडायला घेतला. त्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत एका बाजूने काँक्रीटचा माळा होता, सामान टाकायला काढतात तसा, माणसाच्या डोक्यावर जेमतेम हातभर. पलंग बसवायला जागा नेमकी त्याच्याच खाली. पुढचे दोन खांब उभे राहिले आणि मागचे दोन माळ्याला अडले. काका, सासरे, नवरामुलगा, शेजारचे एक गृहस्थ, सगळे पलंगाभोवती फिरले. पलंग फिरवून बघितला तर दार उघडेना.

“मोजला नव्हता का?” शेजारच्यांनी विचारलं.

सासरे म्हणाले, “त्यांनी विचारलं नाही. आपण तरी कसं सांगायचं, आमची खोली लहान आहे म्हणून?”

म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांचा मान राखला होता. पलंगाचा कुणी राखला नव्हता.

“कापा,” काका म्हणाले.

“फुलांसकट?” सासूबाईंचा जीव वरखाली झाला.

“फुलं राहू देऊ. खालून कापू.”

मी उभी होते. बहीण दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती, आणि तिने माझ्याकडे बघितलं. एवढंच. करवत चालू झाली. भरीव सागवानाला वेळ लागेल म्हणून काकांनी बाह्या सरसावल्या होत्या. करवत दोन-चार हातांत आरपार गेली. प्लॅस्टरचा भुगा फरशीवर पडला आणि खांबाचा बुंधा घरंगळत सासूबाईंच्या पायाशी थांबला. आत करडा पाइप. त्याच्या अंगावर कारखान्याची छापील अक्षरंसुद्धा तशीच.

मग सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, “अगं बाई. हा तर मोरीचा पाइप.”

काका म्हणाले, “वहिनी, सून आणलीत का प्लंबर?” शेजारचे हसले. हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जास्त वाईट.

“हिच्या ताईच्याच दुकानातला ना?” सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही तर शिकलेल्या. तुम्हाला माहीत नव्हतं?”

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. माहीत होतं, आणि मी तिला सांगितलंही होतं. अगदी खरं वाक्य. ते बोलले असते तर मी सुटले असते आणि त्या घरात पहिल्याच सकाळी बहीण खोटारडी ठरली असती. मी ते गिळलं. मला गिळायची सवय नाही, त्रास झाला.

तेवढ्यात दारातून बहिणीचा आवाज आला. “तिने सांगितलं होतं.”

सगळे वळले.

“मला माहीत होतं आत पाइप आहे. ताई नको म्हणत होती. मीच हट्ट केला. मांडवात चांगला दिसावा म्हणून. ताईने काढलेली वस्तू ती आहे.”

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. माझी खुर्ची तिथे तशीच, टेम्पोतल्या सुतळीसकट पडली होती. बहीण पुढे आली, तिने सुतळी सोडली, खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली आणि तिच्यात बसली. सासरे उभे होते, काका उभे होते, सासूबाई उभ्या होत्या. आणि नवी सून, अंगाची हळद जायच्या आत, सगळ्यांपुढे पाठ टेकून बसली.

“उठ गं, मोठी माणसं उभी आहेत,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

“कालपासून उभीच आहे, आई. दमले.”

काय होणार हे मला कळेना. सासरे तिच्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होते. जवळ आले. पाठीच्या पट्टीवर बोटाने टकटक केलं. मग मला विचारलं, “हिच्या आत काय आहे?”

“लाकूड.”

“आणि बाहेरून?”

“तेच.”

त्यांनी मान हलवली आणि काकांना म्हणाले, “उरलेले तीन पण काढून टाका. नुसता पलंग ठेवा.” मग सासूबाईंना, “आणि तिला चहा द्या. बसू दे जरा.”

खांबांशिवाय तो पलंग म्हणजे साधी पेटी झाली, कोपऱ्यांत चार गोल डाग असलेली. त्यातल्या लांब पाइपांना त्यांनी गॅलरीतल्या पावसाच्या पाण्याच्या कामाला लावलं. ही गोष्ट मी दुकानात सांगितली, वाटलं शेठना लाज वाटेल. शेठनी कान देऊन ऐकली आणि पुढच्या हंगामात आखूड खांबांचा पलंग काढला. नाव ठेवलं ‘बदलापूर साइज’. तोही तुफान चालला. असल्या बाजारात मी आणखी काही वर्षं काढली ती केवळ दुसरीकडे याहून बरं काही नव्हतं म्हणून.

खुर्ची मात्र त्या घरात बहिणीची राहिली. सासरे तिच्यात पेपर वाचायचे, पण बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली की उठायचे. असं उठणारा सासरा मी दुसरा बघितला नाही. पुढे सोनिवलीकडे त्यांच्या पुतण्याने नवं घर घेतलं तेव्हा ते स्वतः दुकानात आले. तशाच सहा खुर्च्या हव्यात म्हणाले. मी वही काढली.

“फक्त एक करा,” सासरे म्हणाले. “पाय असे वाकडे नकोत, बघणाऱ्याला विचित्र वाटतं. त्याऐवजी पुढे दोन छोटे खांब टाका. फ्लॉवरवाले.”

मी वही मिटली. त्यांनी घरी जाऊन बहिणीला सांगितलं, तुझ्या ताईला जरा समजाव. रविवारी ती अंबरनाथला आली तेव्हा मी विचारलं, “मग? काय सांगितलंस त्यांना?”

“सांगितलं, ती नाही ऐकायची.”

“एवढंच?”

“आणि म्हटलं, मीही नाही सांगायची.” तिने पिशवीतून शिवायला आणलेलं कापड काढलं आणि दोन बोटांत चोळून बघितलं. “बसवत नाही ताई मला आता दुसऱ्या कशात.”